विंग चुन : दाराच्या फटीतून कामगारांच्या युनियनपर्यंत

आमच्या पिढीने ब्रूस ली आधी पोस्टरवर पाहिला आणि मग पडद्यावर. 'एंटर द ड्रॅगन' हा त्याचा चित्रपट १९७३ सालचा. त्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला. पण पुढे कित्येक वर्षे तो वस्त्यावस्त्यांतल्या पोरांच्या अंगात जिवंत होता. दोन लाकडी दांडक्यांना साखळी ठोकून नानचाकू करायचा, तो फिरवताना स्वतःच्याच कपाळावर टेंगूळ आणायचे आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीत उतरायचे, हे आम्ही केले आहे. ते कौतुक का होते, हे तेव्हा कळत नव्हते. आता कळते. तो माणूस धिप्पाड नव्हता. राजपुत्र नव्हता. त्याला कोणत्या देवाने वर दिलेला नव्हता. फाटक्या अंगाचा एक पोरगा दुप्पट वजनाच्या माणसाला लोळवत होता आणि ते त्याने कुणाकडून तरी शिकून, घाम गाळून कमावले होते.

कुणाकडून शिकला? काय शिकला? पडद्यावरची उड्यांची गंमत बाजूला ठेवली, तर त्याच्या हाताखाली जो पाया होता त्याचे नाव 'विंग चुन'. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात, फोशान शहराच्या परिसरात वाढलेली ही लढण्याची विद्या. या विद्येबद्दल आज लिहिण्याचे कारण असे की, हिच्या एकेका डावात आणि हिच्या प्रवासात आपल्या विचारांशी थेट नाते सांगणारी एक गोष्ट आहे. विद्या रक्तातून येत नाही, ती हातातून हाताला मिळते. आणि जो ती दाराआड कोंडतो, तो शेवटी ती विद्याच मारतो.

आधी डाव समजून घेऊ. कारण तंत्र न समजता तत्त्वज्ञान सांगत सुटणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

विंग चुनचा सारा हिशोब एका रेषेवर उभा आहे. माणसाच्या शरीराच्या बरोबर मधून कपाळापासून खाली एक उभी रेषा आखली आहे असे समजा. नाक, हनुवटी, गळा, छातीखालचा खळगा, जांघ. दुखरी ठिकाणे बहुतेक याच रेषेवर किंवा तिच्या आसपास आहेत. ही मध्यरेषा. आपली रेषा झाकायची आणि समोरच्याच्या रेषेवर सरळ जायचे, हा पहिला धडा. दांडगा माणूस हात मागे नेऊन, खांद्यातून फिरवून ठोसा मारतो. त्याचा हात कमानीसारखा वळसा घालून येतो. विंग चुनवाला छातीपुढे ठेवलेला हात सरळ पुढे पाठवतो. दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचे, हे भूमितीचे साधे सत्य इथे कामाला येते. बळ कमी असले तरी वाट जवळची असेल, तर लहान हात आधी पोहोचतो.

ठोशाची मूठही वेगळी. ती आडवी नसून उभी असते, अंगठ्याची बाजू वर. चिनी लिपीत 'सूर्य' या अर्थाचे जे अक्षर आहे ते उभ्या चौकटीसारखे दिसते, म्हणून या ठोशाला 'सूर्य-अक्षराचा ठोसा' म्हणतात. मूठ उभी ठेवली की कोपर बाहेर फाकत नाही, बरगडीसमोरच राहते. ठोशाची ताकद खांद्याच्या गोळ्यातून न काढता कोपरामागून, कमरेतून आणि जमिनीवर रोवलेल्या पायांतून आणायची. एक ठोसा पोहोचला की त्याच वाटेवरून दुसरा, त्यावरून तिसरा. याला साखळी ठोसा म्हणतात. पहिल्या हाताने वाट मोकळी करायची आणि दुसऱ्याने त्याच वाटेने जायचे.

उभे राहण्याचा पवित्रा पाहून नवखा माणूस हसतो. पावलांचे चवडे आत वळलेले, गुडघे किंचित वाकून आत ओढलेले. दोन मांड्यांमध्ये शेळी पकडून ठेवावी तसे. आणि नावही तेच आहे, शेळी धरण्याचा पवित्रा. प्रत्यक्ष लढताना कुणी असे खिळून उभे राहत नाही. पण महिनोन्महिने असे उभे राहिले की कंबर स्थिर होते, वजन खाली उतरते आणि हात हलवताना खांदे उचलण्याची वाईट सवय मोडते. लाथा आहेत, पण त्या कमरेच्या खालीच. नडगी, गुडघा, घोटा. डोक्याएवढी उंच लाथ पडद्यावर शोभते. अरुंद बोळात किंवा जिन्यावर पाय उचलणारा स्वतःच पडतो.

आता हात. विंग चुनमध्ये तीन हातांना बीज मानतात. पहिला 'तान साउ'. 'साउ' म्हणजे हात. तळहात आकाशाकडे, कोपर आत, हात पुढे सरकतो आणि येणारा वार बाजूला पांगवतो. होडीचे टोक पाणी दुभंगत जाते, तसे. दुसरा 'बोंग साउ', म्हणजे पंखासारखा हात. कोपर उंच, मनगट खाली, मधला हात उतरता. समोरच्याचा जोर जास्त असेल तेव्हा हा हात तो जोर अंगावर न घेता घसरवून टाकतो. पावसाचे पाणी उतरत्या छपरावरून जावे, तसा वार बाजूने निघून जातो. तिसरा 'फूक साउ', दाबून ठेवणारा हात. समोरच्याच्या हातावर आपले मनगट ठेवून त्याची चाल ओळखायची, त्याला मध्यरेषेवर येऊ द्यायचे नाही.

या तिन्ही हातांमध्ये एक गोष्ट समान आहे. एकही हात बळाला बळाने अडवत नाही. बळाला बळ भिडवणे हा बळकटाचा खेळ आहे. त्यात दुबळा हरणारच. म्हणून इथे बळाची दिशा बदलायची, त्याला रिकाम्या जागी पाठवायचे आणि त्याच क्षणी मोकळ्या हाताने वार करायचा. आधी अडवणे आणि मग मारणे असे दोन ठोके नाहीत. अडवणे आणि मारणे एकाच ठोक्यात. 'पाक साउ' म्हणजे थापटीचा हात. तळहाताची छोटीशी थाप देऊन वार काही बोटे बाजूला सारायचा, जास्त नाही. कारण हाताच्या मागे हात धावू लागला की आपलीच मध्यरेषा उघडी पडते. 'लाप साउ' म्हणजे मनगट धरून खेचण्याचा हात. समोरचा ज्या दिशेने कोसळतो आहे त्याच दिशेने त्याला आणखी ओढायचे. 'गान साउ' खालून येणारा वार छाटून काढतो, आणि ज्या चिनी शब्दाने तो पुष्कळदा लिहितात त्याचा अर्थ आहे नांगरणे.

वाचकहो, ही नावे जरा पुन्हा पाहा. शेळी धरणे, नांगरणे, पंख. हाताला हात भिडतो त्याला हे लोक 'पूल' म्हणतात. ही नावे राजदरबारात बसून ठेवलेली नाहीत. ज्यांनी शेळ्या पाळल्या, जमीन नांगरली, नदीवर पूल पाहिले, त्यांच्या बोलीतून ती आली. आपल्याकडे ब्रह्मास्त्र आहे, आग्नेयास्त्र आहे. ते मंत्राने सुटते आणि मंत्र ठरावीक कानांतच पडतो. नांगर मात्र कुणाच्याही हातात येतो.

शिकवण्याची पद्धत पायरीपायरीची आहे. हालचालींची पहिली मालिका 'सिउ निम ताउ', अर्थ 'छोटीशी कल्पना'. ती एकाच जागी उभे राहून करायची. तिचा पहिला भाग इतका सावकाश की बघणाऱ्याला वाटावे, हा माणूस झोपेत हात हलवतो आहे. पण कोपर कुठे आहे, मनगट कधी वळले, खांदा उचलला का, हे त्या सावकाशीतच दिसते. दुसरी 'चुम किउ', म्हणजे 'पूल शोधणे'. तिच्यात वळणे, पाऊल टाकणे आणि लाथ येते. तिसरी 'बिउ जी', 'बाणासारखी बोटे'. सगळे बिघडले, मध्यरेषा हातची गेली, तर त्यातून कसे सुटायचे याचे डाव या मालिकेत आहेत. याशिवाय लाकडी पुतळा. जाड ओंडक्याला तीन हात आणि एक पाय बसवलेला. इप मान यांच्या परंपरेत त्यावर ११६ हालचाली शिकवतात. पुतळा बिचारा उलटून मारत नाही, पण चूक माफही करत नाही. कोन चुकला की आपलेच हाड लाकडावर आपटते. शेवटी लांब काठी आणि दोन आखूड सुऱ्या.

पण या सगळ्याचा आत्मा आहे 'ची साउ', चिकटलेले हात. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट लावतात आणि हात गोल फिरवत राहतात. तान, बोंग, फूक. यात एकाने कुठे जोर जास्त लावला, कुठे पोकळी ठेवली, हे दुसऱ्याच्या कातडीला कळते. डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते. समोरचा येतो तेव्हा त्याला धरून राहायचे, मागे जातो तेव्हा त्याच्यासोबत जायचे आणि हात सुटला की सरळ आत घुसायचे. हे पुस्तकातून येत नाही. चित्रे पाहून येत नाही. गुरूने लांबून सांगून येत नाही. गुरूला शिष्याच्या मनगटाला मनगट लावावेच लागते, रोज, तासन्‌तास.

इथे आम्ही थांबलो. आपल्या देशात शेकडो वर्षे एका माणसाने दुसऱ्याला शिवायचे नाही, असा धर्म होता. विद्या द्यायची नाही आणि स्पर्शही करायचा नाही, या दोन बंद्या जोडीने चालत होत्या. आणि इथे अशी एक विद्या आहे की, स्पर्शाशिवाय ती देताच येत नाही. ज्याला दुसऱ्याच्या घामाचा विटाळ होतो, त्याला ती शिकवता येणार नाही आणि शिकताही येणार नाही. ची साउमध्ये हात फक्त एवढेच विचारतो की, तुझे कोपर जागेवर आहे का. तुझा बाप कोण, हे तो विचारत नाही.

आता ही विद्या आली कुठून? सांगितली जाणारी कथा अशी की, चिंग राजवटीने शाओलिन मठ जाळला, त्यातून निसटलेल्या ङ मुई नावाच्या भिक्खुणीने ही पद्धत रचली आणि यिम विंग-चुन नावाच्या तरुणीला शिकवली. एक गुंड त्या मुलीशी बळजबरीने लग्न करू पाहत होता. तिने शिकून त्याला हरवले आणि विद्येला तिचेच नाव पडले. कथा सुंदर आहे. एका बाईने बाईला दिलेली, दुबळ्याने बळकटाला हरवण्याची विद्या. पण ती इतिहास नाही. या दोघींच्या अस्तित्वाचा भरवशाचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. शिवाय कथा बाईची असली, तरी पुढच्या पिढ्यांच्या गुरुपरंपरेत येणारी नावे जवळपास सगळी पुरुषांची आहेत. बाईला देव्हाऱ्यात बसवायचे आणि तालमीत घ्यायचे नाही, ही चलाखी आपल्याकडेच आहे असे समजू नये.

याच जागी आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्यातही आवडीने पसरवला जातो. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली, असे भाषणांतून अभिमानाने सांगतात. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० च्या सुमारासच ही कथा तपासून खोडून काढली. ज्या व्यायामग्रंथाच्या आधाराने ती पसरली, तो बोधिधर्मानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने, सतराव्या शतकाच्या आसपास रचलेला आहे. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून मानू नका, ही ज्या तथागताची शिकवण, त्याच्या नावाने खोटा इतिहास सांगण्याची गरज नाही. शाओलिनचे भिक्खू लढण्याची कला जाणत होते याला पुरावा आहे. तेवढा अभिमानाला पुरेसा आहे.

मग पुराव्यापाशी आले की काय उरते? उरतात नाटकवाले. विंग चुनची परंपरा फोशानच्या लाल होड्यांतील कलावंतांपर्यंत नेली जाते. कँटनी भाषेतील संगीत नाटके करणाऱ्या मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून नदीकाठच्या गावोगावी फिरत. होडीची जागा अरुंद. तिथे हात फाकवायला आणि उंच लाथ उडवायला वाव नाही. विंग चुनचे डाव आखूड का आणि लांब काठीचे डाव त्यात कसे आले, याचे उत्तर परंपरा या होड्यांतच शोधते. ब्रूस लीचे वडीलही याच कँटनी नाट्यपरंपरेतले नट होते.

या नटांचा समाजात दर्जा काय होता? चिनी साम्राज्यात नट हे 'हीन' गणले जाणाऱ्या लोकांत मोडत. सरकारी अधिकारी होण्याचा एकमेव राजमार्ग म्हणजे साम्राज्याची परीक्षा, आणि त्या परीक्षेला बसण्याची त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना मनाई होती. रात्री ज्याच्या कलेला टाळ्या वाजवायच्या, सकाळी त्याच्या पोराला शाळेच्या वाटेवरून परत पाठवायचे! तमाशा पाहणाऱ्या आणि तमासगिराला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या मुलुखातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १८५४ साली ली वेनमाओ या नटाच्या पुढाकाराने फोशान परिसरातील नाटकवाले चिंग राजवटीविरुद्धच्या उठावात उतरले. राजवटीने उठाव चिरडला, नाटकवाल्यांच्या संघाची फोशानमधील वास्तू जाळली आणि कँटनी नाटकांवर कित्येक वर्षे बंदी घातली. ज्यांचे रंगमंच काढून घेतले, त्यांच्या हातात उरले ते त्यांचे हात.

होडीवरच्या कलावंतांकडून ही विद्या फोशानमधील औषधी वनस्पतींचे वैद्य लेउंग जान यांच्याकडे आली, असे परंपरा मानते. त्यांच्या दुकानाजवळ चान वा-शुन नावाचा एक पैसे मोडून देणारा बसत असे. बाजारातला साधा सराफी फुटकळ धंदा. कथा अशी की, दुकान बंद झाल्यावर लेउंग जान दाराआड मोजक्या लोकांना शिकवत. हा चान दाराच्या फटीला डोळा लावून पाही आणि घरी जाऊन हात हलवी. एक दिवस हे उघडकीस आले. लेउंग जान यांनी त्याच्या हाताची परीक्षा घेतली आणि त्याला शिष्य करून घेतले. पुढे तोच त्यांचा प्रमुख वारसदार झाला. या कथेतही मीठमसाला असेल. पण एखादा समाज कोणती कथा सांगून शिष्याचा गौरव करतो, यालाही अर्थ असतो.

कारण फटीतून शिकणाऱ्याची एक कथा आपल्याकडेही आहे. त्याने तर फटीतूनही पाहिले नाही. मातीचा पुतळा करून त्याच्यापुढे सराव केला. आणि गुरूने त्याच्या हाताची परीक्षा घेतली ती अंगठा कापून. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे. चोरून शिकणारा इतका चांगला शिकला, मग चूक कुणाची, त्याची की दार लावणाऱ्याची? फोशानच्या वैद्याने दार उघडले. हस्तिनापूरच्या आचार्याने अंगठा मागितला. आणि आजही त्याच आचार्याच्या नावाने आपल्याकडे क्रीडा प्रशिक्षकांना सरकारी पुरस्कार दिला जातो!

अर्थात विंग चुनचे सगळेच गुरू उदार होते, असे मुळीच नाही. चान वा-शुन यांनी म्हातारपणी फोशानमधील श्रीमंत इप घराण्याच्या पूर्वज-मंदिरात वर्ग चालवला. तिथे शिकणारी मुले फी परवडणाऱ्या घरांतली. त्यांचा अखेरचा शिष्य म्हणजे १८९३ साली जन्मलेले इप मान, त्याच घराण्यातले. तिसरी मालिका 'बिउ जी' तर दाराबाहेर जाता कामा नये, अशी म्हणच पडली होती. विद्या म्हणजे घरची पुरलेली हंडी. फोशानमध्ये असताना इप मान यांनीही धंदा म्हणून शाळा चालवली नाही. जमीनजुमला होता, गरज नव्हती.

गरज इतिहासाने निर्माण केली. १९३८ साली जपानी सैन्याने फोशान घेतले. इप घराण्याची संपत्ती गेली. युद्धानंतर इप मान यांनी पोलीस खात्यात नोकरी केली आणि १९४९ साली, कम्युनिस्ट राजवट येताना, हाँगकाँग गाठले. पन्नाशी उलटलेला, रिकाम्या हाताचा निर्वासित. २००८ साली निघालेल्या त्यांच्या नावाच्या चित्रपटात ते जपानी सेनापतीला चारीमुंड्या चीत करतात. तो सामना काल्पनिक आहे. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे, पण ती पडद्यावर तितकी झळकत नाही.

१९५० साली हाँगकाँगच्या शाम शुई पो या दाट वस्तीच्या भागात, उपाहारगृह कामगारांच्या युनियनच्या जागेत इप मान यांनी शिकवायला सुरुवात केली. पहिले विद्यार्थी कोण? हॉटेलांत राबणारे कामगार. युनियनमधले लेउंग शेउंग हे त्यांच्या सुरुवातीच्या प्रमुख शिष्यांपैकी एक. पूर्वज-मंदिरात घराण्यातल्या मुलांना मिळणारी विद्या आता कामगारांच्या संघटनेच्या खोलीत आली. हे इप मान यांच्या क्रांतिकारक विचारांमुळे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. ते पोटासाठी घडले. पण कारण काहीही असो, दार उघडले. आणि दार उघडताच काय झाले ते पाहा. जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या हातांत होती, ती पुढच्या २०-२५ वर्षांत जगभर पसरली. कोंडलेल्या विद्येला जे कधी साधले नाही, ते कामगारांच्या खोलीतून साधले.

ब्रूस ली १९५० च्या दशकाच्या मध्यात याच वर्गात आला. त्याच्या आईकडून त्याच्यात थोडे युरोपीय रक्त होते आणि त्यावरून काही सोबत्यांनी त्याच्या शिकण्याला हरकत घेतली, असे सांगितले जाते. जातिव्यवस्था नसलेल्या समाजालाही शुद्ध रक्ताचा रोग होतोच. १९५९ साली तो अमेरिकेत गेला. सिएटल शहरात त्याचा पहिला विद्यार्थी ठरला जेसी ग्लोव्हर, एक कृष्णवर्णीय तरुण. लहानपणी पोलिसाच्या मारहाणीत जबडा मोडलेला हा मुलगा स्वतःचे रक्षण कसे करायचे, हे शोधत फिरत होता. त्याच्या मागोमाग गोरे आले, जपानी वंशाचे आले, चिनी आले. ज्या देशात काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणे बेकायदा ठरवणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला, त्या देशात त्याआधीच ही माणसे एकमेकांच्या मनगटाला मनगट लावून ची साउ करत होती. याच काळ्या तरुणांच्या लढ्यातून पुढे ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव त्यांच्याकडून घेतले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

ब्रूस लीने आणखी एक गोष्ट केली. १९६४ साली ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन या कुंग फू जाणकाराशी त्याचा सामना झाला. तो सामना अपेक्षेपेक्षा लांबला, धाप लागली, हात अडखळले. त्याने गुरूची विद्या तपासायला घेतली. जे उपयोगी ते ठेवले, जे नाही ते टाकले, बाहेरून हवे ते घेतले आणि स्वतःची पद्धत उभी केली. गुरूचा मान राखूनही गुरूला तपासता येते, हे त्याने दाखवले.

ही तपासणी आजही काहींना खपत नाही. शू शियाओदोंग या चिनी लढवय्याने २०१७ साली एका ताय ची गुरूला मिनिटभरही टिकू दिले नाही. २०१८ साली त्याने एका विंग चुन गुरूलाही पुन्हा पुन्हा खाली पाडले. गुरूंचे चमत्कार थोतांड आहेत, हे त्याचे म्हणणे. त्याला बक्षीस काय मिळाले? २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला एका नामांकित ताय ची गुरूची जाहीर माफी मागायला लावली. बुवाबाजी उघडी पाडणाऱ्यालाच आरोपी करायचे, हा प्रकार कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. विंग चुनचे डाव खोटे आहेत, असा याचा अर्थ नाही. जो डाव प्रतिकार करणाऱ्या माणसावर कधी आजमावला नाही, तो डाव नसून नाच आहे, एवढाच याचा अर्थ.

म्हणून आमच्या तरुण वाचकांना, विशेषतः मुलींना, स्पष्ट सांगणे आहे. शिका. जवळ जी चांगली तालीम किंवा क्लास असेल, तिथे शिका. विंग चुनच हवे असे नाही. पण पट्ट्याच्या रंगावर आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. गुरू गुप्त विद्येच्या गप्पा मारू लागला की उठून या. सराव करताना समोरचा खरोखर प्रतिकार करतो की नाही, ते पाहा. आणि मर्यादाही ओळखा. ही विद्या एकाला एकापासून सोडवून घराच्या वाटेला लावते. काठ्या घेऊन आलेल्या जमावापुढे तान साउ चालत नाही. तिथे संघटना लागते, कायदा लागतो आणि साक्षीला ठाम उभी राहणारी माणसे लागतात. मग शिकायचे कशाला? ज्याला आपले पाय जमिनीवर कसे रोवायचे हे माहीत असते, तो पोलीस ठाण्यातही मान खाली घालून उभा राहत नाही, म्हणून.

आपल्याला हे बाहेरून शिकावे लागते असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे माळ्याच्या घरातला एक तरुण दांडपट्टा शिकायला गेला. त्या तरुणाचे नाव जोतीराव फुले. त्यांनी पुढे मुलींसाठी शाळा उघडली, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तालमीचे दार आणि शाळेचे दार एकाच वेळी उघडले, हा आपला वारसा आहे.

आपल्यातल्या ज्या कुणाला जे येते, मग तो काठीचा हात असो, संगणक असो, शिवणकाम असो की कायद्याचे कलम, त्याने आज स्वतःला एकच प्रश्न विचारावा. माझ्या दाराच्या फटीतून कुणी पाहत तर नाही ना? आणि पाहत असेल, तर उठून दार उघडावे.